तोंडाची फाईल

"तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार. पाच, चार, सहा."

मी खुर्चीत आडवा पडलेलो. तोंड उघडं, दिव्याचा झोत थेट आत. एक पोरसवदा डॉक्टर माझ्या हिरडीत खुणा केलेली बारीक सळई घालून आकडे सांगतेय आणि दुसरी मुलगी ते कागदावर उतरवून घेतेय. मिरजेतल्या एका पतसंस्थेत मी २६ वर्षं हिशेब लिहितोय. एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं टिपायचं, हा आमचा रोजचा धंदा. त्या दिवशी फक्त खातं माझं होतं आणि मला मध्ये बोलायची सोय नव्हती.

एका दाताला सहा नोंदी, बाहेरून तीन, आतून तीन. माझे दात २७. म्हणजे १६२ आकडे. वीसेक आकडे झाल्यावर मला त्यातली खूण कळायला लागली. तीनपर्यंत असलं की ती भराभर पुढं सरकायची. पाच म्हणताना आवाज जरा खाली जायचा. सात आला की सळई काढून, परत घालून, पुन्हा मोजायची. सात दोनदा आला. मधूनमधून ती "ब्लीडिंग" म्हणायची आणि लिहिणारी लाल पेननं ठिपका द्यायची. संपल्यावर मी कागद मागून घेतला. तो आमच्या थकबाकीच्या यादीसारखाच दिसत होता, जिथं बघावं तिथं लाल.

हे आकडे मिलिमीटरचे. हिरडीची वरची कड दाताला नुसती टेकलेली असते आणि थोडं खाली जाऊन ती दाताला घट्ट धरते. मधल्या फटीची ही खोली. निरोगी हिरडीत ती एक ते तीन असते. चारपासून पुढं तिला पॉकेट म्हणतात. शब्द बरोबर आहे, कारण खिशात जसं काहीबाही साठतं तसंच तिथं साठतं आणि आपल्या ब्रशचा हात तिथवर पोचत नाही.

मी तिथं कसा पोचलो ते सांगतो, कारण स्वतःहून मी गेलो नसतो. गेल्या वर्षी आमच्या संस्थेच्या वार्षिक सभेला सभासदांसाठी दंततपासणीचं शिबिर ठेवलं होतं. जवळच्या दंत महाविद्यालयाची मुलं-मुली आली होती. लाडू-चिवड्याच्या टेबलाशेजारी प्लास्टिकच्या चार खुर्च्या मांडलेल्या. सभासद लाजत होते म्हणून साहेब म्हणाले, "तुम्ही बसा, म्हणजे बाकीचे येतील." बसलो. त्या मुलीनं आरसा घालून पाहिलं, ओठ बाजूला करून पाहिलं आणि विचारलं, "काका, शुगर किती असते?"

मी तिला शुगरचं काहीही बोललो नव्हतो.

"तुम्हाला कसं कळलं?"

"दोन-तीन ठिकाणी हिरडीला गळू धरल्यासारखं दिसतंय, पुढचे दात हलतायत, आणि दात किडलेले तर फारसे नाहीत. म्हणून विचारलं."

नऊ वर्षं मला मधुमेह आहे. नऊ वर्षांत माझ्या डॉक्टरांनी पायांना टाचणी टोचून पाहिलीय, डोळ्यांच्या पडद्यासाठी दरवर्षी पाठवलंय, लघवीतलं प्रोटीन तपासलंय. तोंडात कधी पाहिलं नाही. दोष त्यांच्या एकट्याचा नाही. हिरडीतून रक्त येतं हे मीही त्यांना सांगितलं नव्हतं. दातांचं दातांच्या डॉक्टरला सांगायचं, आणि दातांच्या डॉक्टरकडे दाढ ठणकल्याशिवाय जायचं नाही, असा आपला शिरस्ता. माझं काही ठणकत नव्हतं. हिरडीचा आजार बहुतेक वेळा दुखतच नाही. दुखला असता तर दहा वर्षं आधी गेलो असतो.

न दुखणाऱ्या खुणा मात्र ढीगभर होत्या. पेरू चावला की चावल्या जागी गुलाबी डाग. सकाळी उशीच्या अभ्र्यावर कधीतरी तांबूस ठिपका. पुढच्या दोन दातांत फट पडत गेली, ती मला कळली नाही, पासबुकासाठी नवा फोटो काढल्यावर जुन्या फोटोशेजारी ठेवून मुलीनं दाखवली. काउंटरवर गिऱ्हाईक जरा मागं सरकून बोलायचं, ते मी आपल्या पदाचा मान समजत होतो. बायको बरीच वर्षं गप्प होती. शिबिरावरून घरी येऊन सांगितल्यावर म्हणाली, "अहो, तोंडाला वास येतो हे तुम्हाला किती वेळा सांगायचं? बडीशेप ठेवत होते ना रोज खिशात." खिशातली बडीशेप मला प्रेमाची खूण वाटायची. असेलही.

सहा-सात वर्षांपूर्वी एकदा एका दवाखान्यात दात साफ करून घेतले होते. वीस मिनिटांत काम झालं. दुसऱ्या दिवशी गार पाण्यानं शिणक आणि खालचे पुढचे दात हलतायत असं वाटलं. झालं, गावातल्या सगळ्यांचं जे मत तेच माझं झालं: दात साफ केले की ढिले होतात. आता कळतंय ते असं. दातावर जमलेली कीट लाळेतल्या क्षारांनी दगड होते आणि तो दगडच हलत्या दातांना एकमेकांशी डकवून धरतो. दगड काढला की दात मुळात किती हलत होता ते उघड होतं. तेव्हा मला हे समजावून सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. परत गेलोच नाही.

आमच्या घरात दात घासणं म्हणजे मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरडायची, डबीत भरायची. भाजताना असा ठसका उठायचा की शेजारची म्हैस शिंकायची. आई सकाळी उंबऱ्यात बसून डाव्या तळव्यावर चिमूट घ्यायची आणि उजव्या हाताच्या बोटानं पाऊण तास लावत बसायची. दुपारी एकदा, रात्री एकदा. मीही दहावीपर्यंत लावली. सांगलीला कॉलेजात गेल्यावर पोरं हसायला लागली म्हणून सुटली, ज्ञान वगैरे काही झालं नव्हतं. मिश्रीनं हिरडी टणक होते, असं आई अजून सांगते. तिचे सगळे दात पंचावन्नाच्या आत गेले. त्यातला एकही किडका नव्हता. एकेक करत हलले आणि पडले, आणि आम्ही सगळे वय झालं म्हणालो.

कॉलेजच्या ओपीडीत मोठा एक्स-रे काढला, दोन्ही जबडे एका फिल्मवर. मॅडमनी (मी त्यांना मॅडम म्हणायचो आणि त्या मला काका, वय माझ्या मुलीएवढं) पेनच्या टोकानं हाडाची रेघ दाखवली. ती दातांच्या मानेजवळ हवी होती. माझी कुठं पाव उतरली होती, कुठं निम्मी. २०१९ च्या पुरानंतर कृष्णेकाठच्या झाडांची मुळं उघडी पडलेली आम्ही सगळ्यांनी पाहिलीत. झाड उभं असतं, पालाही हिरवा असतो, खालची माती मात्र गेलेली. फिल्म तशी दिसत होती. "गेलेलं हाड आता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "राहिलेलं राखायचं."

केसपेपरवर त्यांनी लिहिलं, पेरिओडोंटायटिस, स्टेज तीन, ग्रेड सी. आपल्या भाषेत पायोरिया. सी म्हणजे काठावर पास का, असं मी विचारलं. त्या हसल्या. आजार किती पसरलाय ते स्टेज सांगते आणि किती वेगानं पुढं जाईल ते ग्रेड सांगते. मधुमेह्याची तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) सात किंवा त्याहून वर असली की ग्रेड आपोआप सी होते. माझी होती ८.४. म्हणजे रक्ताच्या लॅबमधला आकडा माझ्या दातांच्या कागदावर येऊन बसला होता. उलट दिशेचा प्रवास तोवर कुणी केला नव्हता.

तो उलटा प्रवास त्यांनी मला एक्स-रे हातात धरून समजावला. दातावरचा चिकट थर म्हणजे जंतूंची वस्ती. शरीर तिच्याशी लढायला हिरडीत पेशी पाठवतं, म्हणून हिरडी लाल होते, सुजते, रक्त येतं. वस्ती हटली नाही तर लढाई वर्षानुवर्षं चालते आणि त्या धुमश्चक्रीत शरीर स्वतःचंच हाड मागं घेतं. पॉकेटच्या आतलं अस्तर फाटकं असतं, त्यातून जंतू आणि सुजेची रसायनं रक्तात उतरतात. ही सूज कमी-अधिक अंगभर पोचते आणि इन्सुलिनचं काम अवघड करते. दुसऱ्या बाजूनं, शुगर चढलेली असली की लढणाऱ्या पांढऱ्या पेशी ढेपाळतात, बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, हिरडीची जखम भरत नाही. म्हणजे दोघं एकमेकांचे जामीनदार. आमच्या धंद्यात अशी दोन खाती असली की दोन्ही बुडतात.

"तुमच्या तोंडात तळहाताएवढी उघडी जखम आहे असं समजा, काका. हातावर असती तर एवढे दिवस ठेवली असती?"

हे ऐकून हादरलो, पण आकड्यांचा किडा डोक्यात असल्यानं घरी येऊन शोधलं. ज्यांनी मोजलंय त्यांचा हिशेब ८ ते २० चौरस सेंटिमीटरचा आहे. तळहात नव्हे, काडेपेटीची वरची बाजू. पुढच्या खेपेला मॅडमना सांगितलं. "बरं, काडेपेटीएवढी," त्या म्हणाल्या, "मग चालेल का?"

उपचार सुरू करायच्या आधी त्यांनी माझ्या शुगरच्या डॉक्टरांचं पत्र मागितलं. इथं पहिल्यांदा दोन फायली एका पिशवीत आल्या. डॉक्टरांनी पत्र दिलं, वर म्हणाले, "दातांचं ते बघतील, शुगरचं मी बघतो." ते तिसरी गोळी वाढवायच्या विचारात होते. मी म्हटलं, हे होऊ द्या, मग बघू. तीन महिन्यांनी आकडा पाहून ठरवू, त्याआधी काही त्रास झाला तर लगेच यायचं, या अटीवर ते थांबले. रक्तदाबाची कुठली गोळी घेता हे मात्र दंत-मॅडमनी विचारलं, कारण अम्लोडिपिनसारख्या गोळ्यांनी काही जणांच्या हिरड्या वाढतात आणि खोली खोटी दिसते. माझी गोळी वेगळी निघाली.

पहिल्या दिवशी मी उपाशीपोटी गेलो. डॉक्टर म्हटलं की उपाशी, हे डोक्यात बसलेलं. तिथं बोलणी खाल्ली. शुगरवाल्यानं जेवून, गोळी घेऊनच यायचं, कारण तोंड बधिर झाल्यावर दोन-तीन तास धड खाता येत नाही आणि शुगर खाली गेली तर पंचाईत. कँटीनमध्ये जाऊन इडली खाऊन आलो, मग बोटाला टोचून पाहिलं, मग खुर्ची.

दोन दिवस, एका दिवशी उजवी बाजू, आठवड्यानं डावी. इंजेक्शन टोचतं तेवढंच दुखतं. नंतर कळतं ते फक्त खेचणं आणि आवाज. आधी पाण्याच्या फवाऱ्याचं यंत्र, त्याची किरकिर कानात न येता कवटीत ऐकू येते. मग हातातली बारीक वाकडी हत्यारं. हिरडीच्या खाली, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी, त्या मुळाचा पृष्ठभाग खरवडत होत्या आणि सगळं स्पर्शावर. करपलेलं दूध पातेल्याच्या बुडातून उलथन्यानं काढताना आधी खरखर लागते आणि मग उलथनं गुळगुळीत सरकतं, तो फरक मला माझ्याच जबड्यात ऐकू येत होता. गुळगुळीत आवाज आला की त्या पुढच्या दाताकडे. एकदा ट्रेमधल्या कापसावर पडलेला तुकडा मी मागून घेऊन पाहिला. तांदळाच्या कणीएवढा, काळपट हिरवा, नखानं फुटेना. हा माझ्या हिरडीखाली किती वर्षं राहत होता कोण जाणे. घरभाडं न देता.

उजवीकडची खालची शेवटची दाढ वाचली नाही. तिथलाच सात, आणि हाड बुडापर्यंत गेलेलं. ती काढली. दुपारी बधिर गाल चावून घेतला, तो दाढेपेक्षा जास्त दुखला.

पुढचे पंधरा दिवस कुणी सांगत नाही असे असतात, म्हणून लिहितो. सूज उतरली की हिरडी खाली बसते आणि दात लांब झाल्यासारखे दिसतात, मधे काळ्या त्रिकोणी फटी. आरशात मी एकदम साठीचा दिसायला लागलो. गार पाण्यानं मस्तकात कळ. क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या दिल्या होत्या, त्यानं चहाला चव राहिली नाही आणि दातांवर तपकिरी झाक आली (ती नंतर पुसून देतात). बायको म्हणाली, "पैसे देऊन म्हातारे होऊन आलात."

घरी करायचं काम मात्र मला जास्त अवघड गेलं. आपल्याकडे ब्रश सकाळचा. उठल्याबरोबर, चहाच्या आधी, खाकरत, अंगणात, सगळ्या गल्लीला कळेल असा. रात्री जेवणं झाली, बातम्या झाल्या की दिवा बंद. मला सांगितलं की सकाळचा एक वेळ चुकला तरी चालेल, रात्रीचा चुकवायचा नाही. ब्रश मऊ, हिरडीच्या कडेकडे तिरपा, ४५ अंशात, आणि घासायचं नाही तर जागच्या जागी थरथरवायचं. वर दातांच्या फटींतून घालायचे बाटली धुवायच्या ब्रशसारखे इवले ब्रश, दोन मापांचे. पहिल्या रात्री बेसिन लाल झालं. मी घाबरून बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी फोन केला. "जिथं रक्त येतं तिथंच घासायचं, काका. रक्त येतं म्हणून सोडता, म्हणून तर परत येतं." उलटं वाटलं, पण केलं. नवव्या रात्री फक्त दोन फटींत रक्त होतं. मी कॅलेंडरच्या मागं तारीखवार लिहून ठेवलंय.

नऊ दिवस कसे, या कुतूहलानं वाचायला लागलो. १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हाराल्ड ल्यो नावाच्या प्राध्यापकांनी १२ निरोगी जणांना दात घासणं बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. परत घासायला लावल्यावर आठवड्याभरात उतरल्या. नुसत्या हिरडीच्या सुजेचं असं होतं, हाडापर्यंत गेलेलं काही परत फिरत नाही. याच ल्योंनी पुढं १९९३ मध्ये डोळे, मूत्रपिंड, नसा वगैरेंच्या यादीत हिरडीच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं. म्हणजे मला मधुमेह झाला त्याच्या कितीतरी आधी.

आमच्या चुलत्यांचा नेहमीचा प्रश्न असतो: "आमच्या आजोबांनी जन्मात ब्रश बघितला नाही, ऐंशीव्या वर्षी दातानं ऊस सोलायचे, ते कसं?" याचंही उत्तर त्याच माणसाच्या कामात सापडलं. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यातले ४८० मजूर, ज्यांना दातांची निगा कसली ती माहीत नव्हती, त्यांच्यावर १९७० पासून पंधरा वर्षं लक्ष ठेवलं. शंभरात आठ जणांचे दात झपाट्यानं गेले, ८१ जणांचा आजार सावकाश वाढत गेला, आणि ११ जणांना हिरडीच्या सुजेपलीकडे काही झालंच नाही. आजोबा त्या अकरांतले. आई आठांतली, वर मिश्री. चुलत्यांना सांगितलं तर म्हणाले, मग आपण अकरांतलेच. त्यांच्या तोंडात कोण बघणार?

वाचता वाचता उलट्या टोकाच्या गोष्टीही भेटल्या. १९१० मध्ये विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी मॉन्ट्रियलला भाषण देऊन सगळ्या अंगातल्या रोगांचं खापर तोंडातल्या पुवावर फोडलं. त्यानंतर काही दशकं युरोप-अमेरिकेत सांधे दुखतात म्हणून, पोट बिघडतं म्हणून, डोकं फिरलंय म्हणून लोकांचे चांगले दात उपटले गेले. माणसं बोळकी झाली, सांधे दुखायचे थांबले नाहीत. त्यामुळे हल्ली मोबाईलवर "हिरड्या साफ करा, हार्ट अटॅक टाळा" असं काही आलं की मी जरा बिचकतो. हृदयविकार आणि हिरड्यांचा आजार एकाच माणसात बऱ्याचदा सापडतात हे खरं. एकामुळे दुसरा होतो असं सिद्ध झालेलं नाही, असं अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१२ मध्ये सगळे पुरावे चाळून सांगितलं. भाची गरोदर होती तेव्हा तिला कुणीतरी हिरडीवरून अपुऱ्या दिवसांच्या बाळाची भीती घातली होती. २००६ मधल्या अमेरिकेतल्या अभ्यासात ८२३ गरोदर बायका होत्या. उपचारानं त्यांच्या हिरड्या सुधारल्या, आईला-बाळाला धोका झाला नाही, पण लवकर बाळंत होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. तिला म्हटलं, दात स्वच्छ करून घे, घाबरू नको.

मधुमेहाचा पुरावा त्यातल्या त्यात घट्ट आहे. कॉक्रेन या संस्थेनं २०२२ मध्ये ३५ चाचण्या एकत्र करून मोजलं: हिरड्यांच्या उपचारानं तीन महिन्यांची शुगर तीन-चार महिन्यांनी सरासरी ०.४३ नं उतरते. त्याच्या आधी २०१३ मध्ये अमेरिकेत ५१४ जणांवर झालेल्या मोठ्या चाचणीत काहीच फरक दिसला नव्हता. त्यावर बरीच वादावादी झाली, टीकाकारांचं म्हणणं असं की त्यांच्या हिरड्याच पुरेशा बऱ्या झाल्या नव्हत्या. ०.४३ म्हणजे फार नाही. एखादी जास्तीची गोळी देते जवळपास तेवढं. पण गोळीबरोबर दात वाचत नाहीत.

तीन महिन्यांनी पुन्हा खुर्ची, पुन्हा सळई. दात आता २६, आकडे १५६. मी डोळे मिटून मोजत होतो. "तीन, दोन, तीन. तीन, दोन, दोन." लाल पेन बराच वेळ वाजलं नाही. पहिल्या दिवशी शंभर जागांत ६८ ठिकाणी रक्त होतं, आता १९. सहा होते तिथं चार झाले होते. वरच्या उजव्या दाढांपाशी दोन जागा हटून राहिल्या, सहा आणि सात. दाढेच्या मुळांच्या बेचक्यात हत्यार पोचत नाही, तिथं हिरडी उघडून साफ करावी लागेल म्हणाल्या. ते पुढच्या महिन्यात केलं. टाके आठवड्यानं काढले, त्याविषयी सांगण्यासारखं विशेष नाही.

तीन महिन्यांच्या त्या मोजणीच्या आठवड्यातच रक्त दिलं होतं. ७.७.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, गोळ्यांचा कागद पाहिला. "गोळी तर आपण वाढवली नाही." मग दातांचा तक्ता मागितला. आकड्यांची ती जाळी त्यांनी उलटीसुलटी धरून पाहिली, मी बोट ठेवून सांगितलं, हे खोली, हे रक्त. त्यांनी शुगरच्या फाईलवर, डोळे आणि पाय लिहितात त्या ओळीखाली पेननं लिहिलं: "हिरड्या". छापील रकाना नाही, तिरकं लिहिलंय.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर ८.४ ची तपासणी जूनमधली होती, म्हणजे आख्खा आंब्याचा हंगाम तिच्यात धरलेला. नंतरच्या महिन्यांत आंबा नव्हता. दाढ काढल्यावर महिनाभर उजवीकडून चावता येत नव्हतं, तेव्हा भाकरी कमीच गेली पोटात. संस्थेत चालत जायला लागलो तेही याच दरम्यान. ०.७ मधले हिरड्यांचे किती आणि हापूसचे किती, हे कुठल्याही लेखापरीक्षकाला काढता येणार नाही. पुढच्या सहा महिन्यांनी ७.५ आली. आंबा यंदाही खाल्ला होता, मोजून.

आईला घेऊन गेलो एकदा. वय ७६. कवळी स्टीलच्या वाटीत काढून ठेवते आणि बिनदातांच्या हिरड्यांना अजून दिवसातून तीनदा मिश्री लावते. मी म्हटलं, दवाखान्यात चल. "आरं, दातच न्हाईत तर त्ये बघणार काय?" मॅडमनी तिच्या गालाच्या आत, ओठाच्या आत, जिभेखाली बोट फिरवून पाहिलं. जिथं ती चिमूट ठेवते तिथं खालच्या ओठाआड एक पांढरट, सुरकुतलेला पट्टा होता. दर तीन महिन्यांनी दाखवायचा, मिश्री बंद करायची, तरी गेला नाही तर तुकडा काढून तपासायचा. रिक्षात बसल्यावर आईनं कनवटीला हात घातला, डबी चाचपली, आणि माझ्याकडे बघून हात काढला. घरी गेल्यावर लावली असणार. आता दिवसातून एकदाच लावते असं सूनबाईला सांगते. पट्टा पुढच्या खेपेला जरा फिका होता.

माझंही दर तीन महिन्यांनी असतं. आधीच्या मॅडम शिकून बाहेर पडल्या, आता दुसरी मुलगी आहे, आवाज मोठा, हात हलका. परवा तिनं जुना तक्ता समोर ठेवून मोजायला घेतलं. मी छताच्या पंख्याकडे बघत होतो. तीन, दोन, तीन करत ती वरच्या उजव्या दाढांपाशी आली, थांबली, सळई काढली, परत घातली.

"पाच," ती म्हणाली.

गेल्या वेळीही पाचच होता. लाल पेन काही वाजलं नाही. लिहिणाऱ्या पोरीनं निळ्या पेननं पाच लिहिला आणि कार्डावर जानेवारीची तारीख टाकून दिली.